स्विमिंग पूलचं पाणी जातं कुठे? टाइल्स फोडण्याआधी करायची तपासणी आणि दुरुस्ती

कर्जत, लोणावळा, अलिबाग या पट्ट्यात बंगल्यामागे छोटा पूल असणं आता नवलाचं राहिलेलं नाही. पूल आला की दोन-तीन उन्हाळ्यांत "पाणी कमी होतंय" ही तक्रारही येतेच. मग कुणीतरी कंत्राटदार काठावर उभा राहतो, दोन-चार टाइल्सवर टकटक करतो आणि निकाल देतो, "साहेब, वॉटरप्रूफिंग गेलंय. सगळं काढावं लागेल."

काढावं लागेलही कदाचित, पण ते शेवटी. सिमेंटचं टाकं एकसंध असतं. गळायला लागतं ते बहुतेक सांध्यांतून, आणि सांधे असतात पाइपलाइनमध्ये, व्हॉल्व्हमध्ये, स्किमरच्या (काठावरून वरचा कचरा आणि पाणी ओढणाऱ्या खोक्याच्या) तोंडाशी आणि लाइटच्या मागे. तिथली तपासणी बादली, मार्कर, खायचा रंग आणि एक सुट्टीचा दिवस एवढ्यावर होते.

आधी मोजा

उन्हाळ्यात पाणी उडून जातं, हे सगळ्यांना माहीत असतं. किती उडतं, हे कुणी मोजत नाही. मे महिन्यात देशावरच्या कोरड्या वाऱ्यात दिवसाला ७-८ मिलिमीटर सहज उडतात. किनाऱ्यालगतच्या दमट हवेत त्याहून कमी. आपला पूल ८ मीटर लांब आणि ४ मीटर रुंद धरू. पृष्ठभाग झाला ३२ चौरस मीटर, म्हणजे पातळी १ मिलिमीटर उतरली की ३२ लिटर गेले. आठ मिलिमीटरला अडीचशे लिटर. काहीही गळत नसताना!

म्हणून बादलीची चाचणी. बादलीत तळाशी दोन दगड ठेवा, पूलचंच पाणी भरा आणि ती पूलच्या पायरीवर अशी ठेवा की आतल्या आणि बाहेरच्या पाण्याची पातळी सारखी राहील. आतून आणि बाहेरून मार्करने खूण करा. चोवीस तासांनी दोन्ही पाणी किती उतरलं ते पट्टीने मोजा. बादलीतलं उतरलं ते निव्वळ बाष्पीभवन. समजा पूल १४ मिलिमीटर उतरला आणि बादली ६, तर फरक ८ मिलिमीटरचा, म्हणजे रोज सुमारे २५५ लिटरची खरी गळती. फरक एक-दोन मिलिमीटरचाच असेल तर तो मोजमापातल्या चुकीचाही असू शकतो. चाचणी पुन्हा करा.

या चोवीस तासांत कुणी पोहायचं नाही, बॅकवॉश (पाणी उलटं सोडून फिल्टर धुणं) करायचा नाही, कारंजं आणि धबधबा बंद ठेवायचा. आपोआप पाणी भरणारा फ्लोट व्हॉल्व्ह असेल तर त्याचा कॉक आधी बंद करा. हा फ्लोट गळती महिनोन्‌महिने झाकून ठेवतो. बोअरची मोटर जास्त चालते आणि दोष मोटरवर जातो. पाऊस असेल तर चाचणी पुढे ढकला.

चाचणी दोनदा करायची. एकदा पंप रोजच्यासारखा चालवून आणि एकदा पंप पूर्ण बंद ठेवून. खरी माहिती या दोन आकड्यांच्या तुलनेतून मिळते.

पूल काठोकाठ वाहणारा, ओव्हरफ्लोचा असेल तर पूलमध्ये पट्टी लावून उपयोग नाही. काठावरची पातळी तीच राहते, घट दिसते ती काठावरून वाहिलेलं पाणी साठवणाऱ्या बॅलन्सिंग टँकमध्ये. पंप बंद करून अर्धा तास थांबा, काठालगतच्या गटारातलं पाणी टँकमध्ये उतरू द्या आणि मग टँकची पातळी लिहून ठेवा. दुसऱ्या दिवशी अगदी याच स्थितीत पुन्हा मोजा. पंप बंद असताना पूल काठाच्या खाली उतरत असेल तर दोष पूलच्या बाजूला, टँक एकटाच उतरत असेल तर टँकमध्ये. टँकला वॉटरप्रूफिंग करायला ठेकेदार विसरतात, हेही लक्षात असू द्या.

आकडे काय सांगतात

पंप चालू असताना पाणी जास्त जात असेल तर पंपाच्या पुढची बाजू बघा: फिल्टर, मल्टिपोर्ट व्हॉल्व्ह, परतीची लाइन. तिथे दाब असतो, बारीक फटीतूनही पाणी बाहेर फेकलं जातं.

पंप बंद असताना जास्त जात असेल, किंवा पंप चालू असताना परतीच्या जेटमधून बुडबुडे येत असतील, तर सक्शनची, म्हणजे पूलमधून पंपाकडे पाणी ओढणारी बाजू. पंप चालतो तेव्हा या लाइनमध्ये ओढ असते. फट असली तरी पाणी बाहेर पडण्याऐवजी हवा आत येते. पंप थांबला की त्याच फटीतून पाणी पाझरतं.

दोन्ही वेळा सारखंच जात असेल तर टाकं, स्किमर, लाइट किंवा भिंतीतल्या फिटिंग्ज. इथे एक सोपी युक्ती आहे. पंप बंद ठेवा आणि पाणी उतरेल तितकं उतरू द्या. जिथे ते थांबतं, गळती त्याच उंचीवर. स्किमरच्या तोंडाखाली येऊन थांबलं तर स्किमर, लाइटपाशी थांबलं तर लाइट. सगळं ओलांडून खाली जातच राहिलं तर मेन ड्रेन (तळातलं पाणी ओढायचं तोंड) किंवा तळ.

ही युक्ती जून ते ऑक्टोबर करायची नाही, आणि पूल रिकामा तर त्या काळात मुळीच करायचा नाही. पावसाळ्यात जमिनीतलं पाणी वर आलेलं असतं, ते रिकाम्या टाक्याला खालून उचलतं. फायबरचे पूल जमिनीतून अक्षरशः वर आलेले आहेत, आणि सिमेंटच्या टाक्यालाही तडे जातात. याची दुसरी बाजू अशी की बाहेर पाण्याची पातळी वाढली की गळती आपोआप कमी होते. "पावसाळ्यात बंद झाली होती हो" असं सांगणारे भेटतात. बंद झालेली नसते.

पंपरूममधली तपासणी

सुरुवात मल्टिपोर्टपासून करा, कारण सगळ्यात जास्त फसवणारी गळती हीच. वाळूच्या फिल्टरवरच्या या व्हॉल्व्हच्या आत चाकाच्या आऱ्यांसारखं एक रबरी गॅस्केट असतं. ते झिजलं किंवा त्याखाली वाळूचा कण अडकला की "फिल्टर"वर हँडल असतानाही थोडं पाणी बॅकवॉशच्या पाइपातून गटारात जात राहतं. पंपरूम कोरडी, जमीन कोरडी, आणि पाणी मात्र चाललेलं. बॅकवॉशचा पाइप जिथे उघडा होतो तिथे जाऊन पंप चालू असताना बघा. मिनिटाला एक लिटरची धार असेल तर आठ तासांत ४८० लिटर होतात, आपल्या हिशोबात १५ मिलिमीटर.

दुरुस्ती अशी. पंप बंद, एमसीबी खाली, सक्शन आणि रिटर्नचे व्हॉल्व्ह बंद, फिल्टरवरची हवा सोडायची चकती सैल करून दाब शून्यावर आलाय याची खात्री. झाकण आणि बॉडी यांच्यावरून मार्करने एक सरळ रेघ मारा, म्हणजे झाकण पुन्हा त्याच दिशेने बसेल. स्क्रू समोरासमोरचे थोडे थोडे सैल करत काढा. आतली चकती उचलली की गॅस्केटच्या आऱ्या दिसतील. बोट फिरवा: एखादी आरी खाचेतून उचकटलेली, चपटी झालेली किंवा तिच्यावर चकाकणारा वाळूचा कण रुतलेला सापडतो. नुसता कण असेल तर खाच धुऊन गॅस्केट परत बसवा. रबर कडक झालं असेल तर त्याच मॉडेलचं नवं घ्या. काही मॉडेल्समध्ये ते चिकटवलेलं असतं, तिथे खाच पूर्ण खरवडून साफ करावी लागते. ओ-रिंगला (गोल रबरी कड्याला) सिलिकॉन ग्रीस लावा. व्हॅसलिन किंवा गाडीचं ग्रीस नको, त्याने रबर फुगतं.

आणि घरातल्या सगळ्यांना, केअरटेकरला तर दोनदा, एक गोष्ट सांगून ठेवा: पंप चालू असताना मल्टिपोर्टचं हँडल फिरवायचं नाही. गॅस्केट उचकटण्याचं सगळ्यात मोठं कारण तेच.

पुढे पंप. मोटर आणि पंपाच्या मधल्या जागेतून थेंब पडत असतील तर मेकॅनिकल सील गेलं. कोरडा पंप चालला की ते जातं. बदलताना सीलच्या गुळगुळीत तोंडाला बोट लावू नका, स्वच्छ कापडाने धरा. कोरडा चाललेला पंप आणखी एक नुकसान करून ठेवतो: उष्णतेने सक्शनच्या तोंडातला प्लास्टिकचा आटे असलेला अ‍ॅडॉप्टर आकसतो. वरवर काही दिसत नाही, पण हवा तिथून येत राहते. सील बदलून बुडबुडे थांबले नाहीत तर तो अ‍ॅडॉप्टर बदला.

हवा नेमकी कुठून येते हे शोधायला पंप चालू ठेवून एकेका सांध्यावर दाढीचा फेस लावा. जिथे फेस आत ओढला जाऊन खळगा पडतो, तो सांधा. क्रम असा ठेवा: पंपाच्या जाळीच्या झाकणाची ओ-रिंग, पंपाचे ड्रेन प्लग, युनियन (खोलता येणारा सांधा), व्हॉल्व्हच्या हँडलचा दांडा, मग आट्यांचे सांधे. निम्म्या वेळा झाकणाची ओ-रिंग धुऊन, सिलिकॉन ग्रीस लावून बसवली की काम संपतं.

पूलमध्ये: रंगाची चाचणी

पंप बंद करा, पाणी अर्धा तास स्थिर होऊ द्या. खायचा लाल किंवा निळा रंग इंजेक्शनच्या सिरिंजमध्ये भरा आणि संशयाच्या जागेपासून दोन बोटं अंतरावर, अगदी हळू, थोडासा सोडा. रंग तिथेच तरंगत पसरला तर जागा ठीक आहे. धाग्यासारखा खेचला जाऊन फटीत गेला तर सापडली. घाईने सिरिंज दाबली की पाणी ढवळतं आणि सगळीकडेच रंग "खेचला" गेल्यासारखा वाटतो.

स्किमरचं प्लास्टिक आणि सिमेंट जिथे भेटतात ती रेषा आधी तपासा. डेक खचला की ही रेषा उघडते. रंग आत जात असेल तर पाणी त्याखाली उतरवा, फट खरवडून कोरडी करा आणि दोन भागांची, पाण्यात घट्ट होणारी इपॉक्सी पुट्टी दाबून भरा. साधं एम-सील तात्पुरता इलाज म्हणून ठीक, पण त्याला कोरडा पृष्ठभाग लागतो. ओल्यावर थापलं तर टिकत नाही.

नंतर लाइट. लाइटच्या डब्यातून वायर ज्या नळीतून बाहेर जाते ती नळी सील करायची राहून गेलेली असते आणि पाणी त्या नळीतून जमिनीत जातं. एमसीबी बंद करा, ती दुसरं कुणी चढवणार नाही याची व्यवस्था करा, आणि लाइट १२ व्होल्टचा आहे याची ट्रान्सफॉर्मरवरून खात्री करा. थेट २३० व्होल्टचा असेल तर हात लावू नका, इलेक्ट्रिशियन बोलवा. १२ व्होल्टचा असेल तर वरचा स्क्रू काढला की लाइट बाहेर येतो, मागे गुंडाळलेल्या वायरमुळे तो काठावर ठेवता येतो. वायर जिथे नळीत शिरते तिथे रंग सोडा. आत गेला तर पुट्टीने वायरभोवतीची जागा भरा. पंप आणि लाइट दोघांच्या सर्किटला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) नसेल तर गळतीपेक्षा ते काम आधी.

टाइल्सच्या सांध्यांत पांढरं सिमेंट भरलेलं असेल तर ते क्लोरीनने आणि घासण्याने झडतं. तेवढ्या पट्ट्या खरवडून इपॉक्सी ग्राउट भरा. गिलाव्यात तडा असेल तर तो सेंटिमीटरभर खोल, आतून रुंद असा कोरून पाणी रोखणाऱ्या, झटपट घट्ट होणाऱ्या सिमेंटने भरा. पण आधी तड्याच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीने खूण करून महिनाभर बघा. तडा खुणेपलीकडे गेला तर टाकं हलतंय. तिथे स्ट्रक्चरल इंजिनिअर लागेल, पुट्टी नाही.

जमिनीखालची लाइन

वरचं सगळं निर्दोष निघालं तरच इकडे या. प्रत्येक लाइन वेगळी करा, पूलकडचं तोंड रबरी टेस्ट प्लगने बंद करा, लाइन पाण्याने भरून हवा पूर्ण काढा आणि प्लंबरकडच्या हातपंपाने १ ते १.५ बार दाब द्या. अर्धा तास काटा हलला नाही तर लाइन चांगली. टेस्टिंगसाठी कॉम्प्रेसरची हवा भरू देऊ नका. पाण्याने फुटलेला पीव्हीसी पाइप भिजवतो, हवेने फुटलेल्याचे तुकडे उडतात.

काटा उतरला तर खोदायला सुरुवात टाक्याच्या भिंतीलगत करा. काळ्या मातीच्या जमिनीत हे ठिकाण जवळपास ठरलेलं: माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते, भिंत जागची हलत नाही आणि मधल्या मध्ये पाइप कातरला जातो. कोकणात जांभ्यात वेगळीच पंचाईत. जांभा पाणी पिऊन टाकतो, वर ओल दिसतच नाही. तिथे डोळ्यांवर विसंबू नका, काट्यावर विसंबा.

मेन ड्रेनची लाइन गळते म्हणून ती बंद करून एकट्या स्किमरवर पंप चालवण्याचा सल्ला मिळतो. पाणी ओढणारं तोंड एकच राहिलं की केस किंवा हात अडकण्याचा धोका असतो, लहान मुलांना जास्त. सक्शनची किमान दोन तोंडं एकमेकांना जोडलेली हवीत आणि जाळ्या घट्ट.

सांधा नव्याने करताना

खरी गोम मापात आहे. आपल्याकडे पीव्हीसीचे दोन प्रकार शेजारी शेजारी विकले जातात. आयएस ४९८५ चे मेट्रिक पाइप ५०, ६३, ७५ मिलिमीटर बाहेरच्या व्यासाचे, आणि प्लंबिंगचे इंची पाइप, ज्यांत दीड इंची म्हणजे बाहेरून ४८.३ आणि दोन इंची म्हणजे ६०.३ मिलिमीटर. पूलचं सामान दोन्ही मापांत येतं. ६३ च्या फिटिंगमध्ये दोन इंची पाइप सैल बसतो आणि "सोल्युशन भरपूर लाव, बसेल" असं म्हणून काम उरकलं जातं. व्हर्निअर नसेल तर पाइपभोवती दोरा गुंडाळून मोजा: १९८ मिलिमीटर भरला तर ६३ चा, १९० च्या आसपास भरला तर दोन इंची. दोन प्रकार जोडायचे असतील तर मध्ये एमटीए-एफटीए (बाहेरून आणि आतून आटे असलेले जोड) घालून आट्यांवर जोडा.

जाळावर पाइप मऊ करून फिटिंगवर चढवायची जी पद्धत आहे, ती शेतातल्या पाण्यासाठी चालत असेल, इथे नको. पाइप लंबगोल होतो, भिंत पातळ होते, आणि सोल्युशन भरून काढू शकत नाही एवढी फट राहते.

पाइप काटकोनात कापा. कापताना आत-बाहेर उरलेली कुसळं चाकूने किंवा पॉलिश पेपरने काढा, बाहेरची कड किंचित तिरकी करा, नाहीतर पाइप आत जाताना सोल्युशन पुढे ढकलत नेतो. कोरडंच बसवून बघा: पाइप फिटिंगच्या खोलीच्या साधारण अर्ध्यापर्यंत जाऊन अडला पाहिजे. पूर्ण खोलीची खूण करून ठेवा. क्लीनरने पुसा. सोल्युशन यूपीव्हीसीचंच घ्या. पिवळं मिळतं ते सीपीव्हीसीचं. फिटिंगच्या आत पातळ थर, पाइपवर भरघोस, मग लगेच पाव वळसा देत खुणेपर्यंत दाबा आणि अर्धा मिनिट धरून ठेवा. सोडलं तर पाइप हळूच मागे सरकतो. कडेला सगळीकडे बारीक मणी दिसला पाहिजे. दाब चोवीस तासांनी द्या, पावसाळी हवेत दोन दिवसांनी. लाइनमधून पाण्याची बारीक धार येत असेल तर जोडूच नका. आधी पाणी अडवा.

आट्यांवर टेफ्लॉन टेप तीन-चार वेढे, आटे आपल्याकडे करून घड्याळाच्या दिशेने. हाताने घट्ट आणि मग पान्याने एक-दीड फेरा, बस. सफेदा आणि सूत हा लोखंडी पाइपचा जोडधंदा आहे. प्लास्टिकच्या आट्यांत सूत कोंबलं की बाहेरची फिटिंग उभी चिरते. पितळी आट्यांवर प्लास्टिकची मादी फिटिंग चढवणंही टाळा. अमेरिकी बनावटीचा पंप असेल तर त्याचे आटे एनपीटी या अमेरिकी मापाचे असतात, आपल्या बाजारातले बीएसपी या ब्रिटिश मापाचे; टेप कितीही गुंडाळा, पाणी थांबत नाही. पंपासोबत आलेलं अ‍ॅडॉप्टरच वापरा.

उघडलंच आहे तर

पंप आणि फिल्टर दोघांच्या दोन्ही बाजूंना युनियन आणि बॉल व्हॉल्व्ह टाका. पुढच्या वेळी सील बदलायला हॅक्सॉ लागणार नाही. पंपाच्या तोंडाशी लगेच एल्बो नको. पाइपच्या व्यासाच्या चार-पाच पट, ६३ च्या पाइपला साधारण ३० सेंटिमीटर, सरळ तुकडा ठेवा.

सक्शनमध्ये पाण्याचा वेग सेकंदाला १.८ मीटरच्या आत राहायला हवा. या हिशोबाने ५० मिलिमीटरचा पाइप तासाला साडेनऊ-दहा हजार लिटर नेतो, ६३ चा पंधरा हजारांच्या आसपास. एक एचपीचा पंप ५० च्या एकाच सक्शनवर लावलेला दिसला की तो सतत धापा टाकणार आणि हवा ओढणार, हे ठरलेलं. सक्शन ६३ चं करा. पाइपवर छापलेला दाबाचा आकडाही वाचा. अडीच किंवा चार किलोचा पातळ शेतीचा पाइप जमिनीत गाडू नका, मी १० किलोचाच घालतो.

चरात पाइपखाली आणि भोवती दहा सेंटिमीटर वाळू, मग मुरूम. भिंतीतून बाहेर येताना पडल फ्लँज (भिंतीत गाडायची कड असलेली फिटिंग). उघड्यावरचा पाइप उन्हाने ठिसूळ होतो, त्याला रंग मारा आणि मीटरभर अंतरावर क्लॅम्प द्या. बॅकवॉशच्या लाइनवर गळती थांबवायला म्हणून बॉल व्हॉल्व्ह बसवणारे आहेत. बसवा, पण त्याच्या हँडलला "बॅकवॉशआधी उघडा" अशी पाटी बांधा. बंद व्हॉल्व्हवर बॅकवॉश केला तर फिल्टरवर पंपाचा पूर्ण दाब येतो.

सगळं जोडून चोवीस तास झाले की पंप चालू करा, प्रत्येक सांध्याखाली कोरडा कागद अंथरा आणि तासाभराने बघा. स्वच्छ फिल्टरचा दाब किती, ते गेजशेजारी भिंतीवर लिहा. तिथून अर्धा बार वाढला की बॅकवॉश. मग पुन्हा बादली, पुन्हा दोन्ही चाचण्या. फरक उरलाच, तर कंत्राटदाराला बोलवा आणि त्याच्या हातात आधी आकडे द्या, छिन्नी नंतर.